काळी चार टाळून

आमच्या संगीतशाळेच्या सभागृहात एक पियानो आहे आणि त्या पियानोची एक पट्टी मेलेली आहे. मधल्या सप्तकातली काळी चार, म्हणजे काळ्या पट्ट्यांतली चौथी. दाबली की खाली जाते, सोडली की वर येते, सगळं शहाण्यासारखं करते, फक्त वाजत नाही. आतल्या हातोडीची दांडी मोडली आहे, त्यामुळे तारेवर काही आपटतच नाही. लाकडाचा ‘टक’ असा आवाज येतो आणि संपलं. दांडी म्हणजे केवढी, तर बोटाएवढी. ती बदलायची सोडून आमच्या शाळेने काय करावं? आम्ही संगीत बदललं.

हे मी रागाने बोलतेय असं वाटेल. वाटू दे, रागानेच बोलतेय.

दर वर्षी विद्यार्थी स्पर्धेच्या आधी आम्हा शिक्षकांची निवड-बैठक बसते. कोणत्या मुलाने कोणत्या रचना वाजवायच्या ते तिथे ठरतं. दुसऱ्या शाळांत अशा बैठकीत काय बोलतात मला माहीत नाही. मुलाचा हात केवढा, स्वभाव कसा, त्याला आवडतं काय, असलं काहीतरी बोलत असतील बापडे. आमच्याकडे आधी रचनेची छापील पानं टेबलावर पसरतात आणि लाल पेन्सिलीने त्यातल्या प्रत्येक काळी चारभोवती गोल काढतात. गोल जास्त झाले की रचना बाद. एखाददुसरा निघाला तर तिथे ‘सांधा’ मारायचा, म्हणजे तो सूर वरच्या सप्तकातून उचलायचा, नाहीतर शेजारच्या पट्टीवर भागवायचं. हा सांधा जगातल्या कुठल्याही संगीताच्या पुस्तकात सापडणार नाही. तो आमच्या घरचा आहे.

आता अशी चाळणी लावल्यावर उरणार काय? दुखऱ्या रचना बऱ्याचशा गळतात, संध्याकाळच्या गळतात, ज्यांच्यात काही सांगायचंय त्या गळतात. उरतात फुलपाखरं, कारंजी आणि सकाळचं ऊन. वर्षानुवर्षं आमची मुलं हेच वाजवत आली. मग एकदा एका वर्तमानपत्राने लिहिलं की या शाळेची स्वतःची एक ‘प्रसन्न शैली’ आहे. झालं! संचालकांनी ते कात्रण चौकटीत बसवून दाराशी लावलं, आणि आता ते त्या शैलीवर व्याख्यानं देतात. मोडक्या दांडीतून निघालेली शैली! पहिल्यांदा ते व्याख्यान ऐकलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि अजूनही दर वेळी होतो.

दुरुस्ती का करत नाहीत, तर पियानो शाळेच्या अध्यक्षांच्या आईचा. ती गेल्यावर त्यांनी तो शाळेला दिला, आणि देतानाच्या समारंभात ते म्हणाले, “आईचा पियानो आहे तसाच राहू द्या.” अहो, मुलगा आईबद्दल बोलत होता. दुसऱ्या कोणीही मान डोलावली असती आणि पुढचं काम बघितलं असतं. आमच्या संचालकांनी त्याचा नियम केला. पियानोचे सूर लावणारा वर्षातून एकदा येतो, तारा ताणतो, मोडक्या दांडीकडे बोट दाखवतो, आणि संचालक त्याला चहा पाजून वाटेला लावतात. अध्यक्षांना विचारायचं म्हटलं की सगळ्यांची पाचावर धारण बसते. त्यांच्या एका शब्दावर शाळेला ही इमारत मिळाली. त्यांच्या आईच्या पियानोत खोट आहे हे त्यांना तोंडावर कोण सांगणार? अध्यक्ष समारंभाला येतात, पहिल्या रांगेत बसतात, फुलपाखरं ऐकतात, मनापासून टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. पट्टी गेली आहे याचा त्यांना पत्ताच नाही.

मी दर बैठकीत हे बोलते. म्हणून माझ्या पाठीमागे मला ‘मिरची’ म्हणतात. तोंडावर ‘बाई’ म्हणतात.

यंदा स्पर्धेला मुंगी जाणार होती. मुंगी म्हणजे माझी भाची, दादाची मुलगी. अंगाने एवढीशी, आणि कशाच्या मागे लागली की सोडणार नाही, म्हणून घरात तिला मुंगी म्हणायला लागले आणि शाळेतही तेच नाव पडलं. दादा, वहिनी, मुंगी आणि मी, आम्ही एकाच घरात राहतो. घरात पियानो नाही. ठेवायचा झाला तर आमच्यापैकी दोघांना बाहेर झोपावं लागेल. स्पर्धेत पहिला येणाऱ्याला मोठ्या संगीत महाविद्यालयात जागा मिळते. तिथेच राहायचं, तिथेच शिकायचं, आणि प्रत्येकाला सरावाची वेगळी खोली, खोलीत पियानो. पण ही स्पर्धा पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांची. मुंगी लवकरच पंधरा पूर्ण करणार होती. म्हणजे जे काय व्हायचं ते यंदाच. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं.

दोन रचना वाजवायच्या असतात. एक आयोजकांनी नेमून दिलेली, एक आपल्या पसंतीची. नेमलेली बरी निघाली, तिच्यात काळी चार नव्हतीच. पसंतीची मुंगीने स्वतः शोधली. शाळेच्या कपाटात खालच्या खणात, जिथे बाद झालेल्या रचना टाकतात तिथे हात घालून तिने एक पाळणा काढला. पियानोसाठी लिहिलेला, शब्द नसलेला. बैठकीच्या आदल्या दिवशी ती पानं घेऊन माझ्या वर्गात आली.

“आत्या, हा.”

मी पानं चाळली. चाल अगदी साधी, पण काय चाल होती! प्रत्येक ओळ हळूहळू चढत काळी चारवर येऊन टेकते, तिथे क्षणभर थांबते आणि मग घरी जाते. ती पट्टी काढली तर पाळणा ठेवून दोरी काढून नेल्यासारखं.

“मुंगे, यात काळी चार किती आहेत बघितलंस का?”

“बघितलं ना. म्हणून तर.”

“म्हणून तर काय?”

“मला ती वाजवायचीय. मी इथे आल्यापासून सगळे मला ती टाळायलाच शिकवताहेत.”

 मी म्हटलं, “ठेव ती पानं इथे. उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी बैठकीत संचालकांनी पाळण्याची पानं पुढे ओढली आणि पेन्सिल चालवली. पहिलं पान संपेपर्यंत ते गोवर आल्यासारखं दिसायला लागलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

“रचना सुंदर आहे,” ते म्हणाले, “पण आपली नाही.”

“हो सर,” आमचे सगळ्यात जुने शिक्षक म्हणाले. ते आजवर दुसरं काही बोलल्याचं मी ऐकलेलं नाही. मुलांनी त्यांचं नावच ‘होसर’ ठेवलंय.

“आपली नाही म्हणजे?” मी विचारलं.

“आपल्या शैलीत बसत नाही.”

“शैलीत बसत नाही की पट्टीत बसत नाही?”

“बाई, आवाज कमी करा.”

“स्पर्धा दुसऱ्या शहरात आहे, सर. तिथला पियानो धडधाकट आहे. मग इथल्या मेलेल्या पट्टीचा काय संबंध?”

“सराव इथेच होणार ना?”

“मग पट्टी दुरुस्त करा.”

 एका शिक्षिकेने पर्स उघडून उगाच आत बघितलं. संचालक खिडकीबाहेर बघत म्हणाले, “वर्गात कीबोर्ड आहेत की. त्यांच्यावर वाजते ती पट्टी.”

वर्गातले कीबोर्ड मला माहीत आहेत. प्लास्टिकच्या पट्ट्या, कशाही दाबा, सारखाच आवाज. पाळणा म्हणजे सगळा दाबाचाच खेळ, कुठे किती हलकं ते. “कीबोर्डवर पाळण्याचा सराव करायचा म्हणजे बादलीत पोहायला शिकायचं,” मी म्हटलं.

तेवढ्यात होसरांनी एक नवल केलं. त्यांनी सूचना मांडली. “सगळी रचनाच एक सूर खाली उतरवून घेतली तर? मग काळी चार येणारच नाही.”

“छापील सुरातच वाजवायचं, असा स्पर्धेचा नियम आहे,” मी म्हटलं.

“हो,” होसर म्हणाले, आणि परत मिटले.

“मग प्रत्येक ठिकाणी सांधा मारा,” संचालक म्हणाले.

“सर, इतके सांधे मारल्यावर पाळणा राहणार नाही, गोधडी होईल!” आणि मग मी जे इतकी वर्षं नुसतं मनात म्हणत होते ते म्हणून टाकलं. “हिला हा पाळणा मिळाला नाही तर मी आज संध्याकाळी अध्यक्षांच्या घरी जाते आणि काय ते त्यांना सांगून येते.”

संचालकांचा चेहरा पांढराफटक पडला. आवाज एकदम लोण्यासारखा झाला. “बाई, बाई, इतकं कशाला. वाजवू दे तिला. आणि स्पर्धा पार पडू दे, मग मी स्वतः अध्यक्षांशी बोलतो दुरुस्तीचं. शब्द देतो. आत्ता मध्येच नको, एवढंच.”

मी तो शब्द घेतला. ज्याला राग येतो तो माणूस फार पोचलेला असणार अशी लोकांची समजूत असते. तसं काही नसतं. गोड बोललं की आम्हीच आधी फसतो.

घरी जेवताना मी हे सगळं सांगितलं. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याने घास हातातच ठेवला.

“म्हणजे एक बटण चालत नाही,” तो म्हणाला, “तर तुम्ही त्या मजल्यावर राहायचंच सोडून दिलं?”

वहिनीला हसू आवरेना. मुंगी मात्र हसली नाही. “बाबा,” ती म्हणाली, “त्या मजल्यावर कोणी राहतं हेच त्यांनी लोकांना सांगितलेलं नाही.”

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. शाळा सुटली की सभागृह रिकामं व्हायचं, खुर्च्या भिंतीला लावलेल्या असायच्या, आणि मुंगी आत बसायची. पियानोवर अध्यक्षांच्या आईचा फोटो. हसऱ्या बाई होत्या. आपल्या नावाने काय चाललंय हे त्यांना कळलं असतं तर हसल्या नसत्या.

पहिले काही दिवस पाळणा ऐकवत नव्हता. ओळ चढत जायची, टेकायच्या जागी यायची, आणि टक. परत चढायची, टक. घराच्या उंबऱ्याशी आलेल्या माणसाने दर वेळी अडखळून पडावं तसं. मी मागे बसून दात आवळायचे. मुंगी मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

मग एके दिवशी मी दारातून आत आले तर पाळणा सबंध वाजत होता. टेकायच्या जागी सूर येत होता. पियानोचा नव्हे, तो तिचा होता. पट्टी दाबता दाबता ती ओठ मिटून तो सूर आपल्या गळ्यातून देत होती, हलकाच, ‘म्म’ असा. टक त्याच्याखाली झाकला जात होता. दाबही बरोबर पडत होता, कारण गळा जेवढा हळू तेवढंच बोट हळू.

“कोणी शिकवलं हे?”

“कोणी नाही. त्याशिवाय पुढची ओळ सापडतच नाही मला.”

“तिथे गायचं नाही हं, मुंगे. तिथे पट्टी वाजते.”

“माहितीय गं आत्या.”

माहीत तर तिला होतंच. पण बोटांना जे शिकवावं ते बोटं करतात आणि गळ्याला शिकवावं ते गळा करतो, डोक्याला कोण विचारतंय? शेवटच्या आठवड्यात तिने तोंड बंद ठेवून वाजवून बघितलं. पुन्हा ते अडखळणं, पुन्हा टक. दुसऱ्या ओळीत गळा परत यायचा आणि तिला कळायचंही नाही. मी संचालकांकडे गेले. म्हटलं, निदान चार दिवसांपुरतं त्या सूर लावणाऱ्याकडून दुरुस्त करून घ्या, नंतर हवं तर परत मोडून ठेवा दांडी. ते म्हणाले, “बाई, तुमचे विनोद फार तिखट असतात.”

स्पर्धेला मुंगीबरोबर मी आणि संचालक गेलो. तिथलं सभागृह मोठं होतं, गार होतं, आणि मध्यभागी एक लांबलचक काळा पियानो होता, आरशासारखा. आधी वाजवून बघायला मिळत नाही. नुसती बैठकीची उंची जुळवायची आणि सुरू करायचं. मुंगी जाऊन बसली तेव्हा मागच्या रांगेतून तिचं फक्त डोकं दिसत होतं. नेमलेली रचना तिने स्वच्छ वाजवली. परीक्षकांतल्या एक म्हाताऱ्या बाई, हातात काठी असलेल्या, पुढे झुकून ऐकायला लागल्या.

मग पाळणा. पहिली ओळ चढली, टेकली, आणि काळी चार वाजली. काय वाजली! गोल, भरलेली, खोल. आणि तिच्याबरोबर, तिच्या अंगाला घासून, मुंगीचा ‘म्म’. त्या शांततेत तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. माझ्या शेजारची बाई फिसकन हसली. मुंगी दचकली, माझ्या जागेवरूनही ते कळलं. तिने ओठ घट्ट आवळले. पुढची ओळ ती नुसती वाजवत गेली, आणि ती ओळ अशी होती की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण ओठ आवळायचे, की पुढची ओळ शोधायची? तिसऱ्या ओळीत गळा परत आला. मग शेवटपर्यंत राहिला. 

मुंगी दुसरी आली. जागा पहिल्याला गेली. एक उंच मुलगा, चांगला वाजवणारा, त्याच्यावर माझा राग नाही.

निकालानंतर त्या काठीवाल्या परीक्षक बाई मला दाराशी भेटल्या. “तुम्ही तिच्या बाई ना? हात सोन्यासारखा आहे हो पोरीचा. पण ते मध्येच गायला कशाला लावलंत?”

मी त्यांना सांगितलं. पट्टीचं, टकचं, गळ्याचं, सगळं. ऐकता ऐकता त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली.

“मग हे तुमच्या संचालकांनी का नाही सांगितलं?”

“कुणाला?”

“आम्हाला! निकालाआधी आम्ही त्यांना आत बोलावलं होतं. म्हटलं, मुलीची काही अडचण आहे का? असेल तर नियमात सोय आहे, पुन्हा वाजवू देतो तिला. ते म्हणाले, छे, अडचण कसली, ही आमच्या शाळेची शैली आहे. मुद्दाम बसवलेली. मग आमचा काय इलाज? मुद्दाम गायलं तर गुण कापावेच लागतात.”

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, हे मला वाटत होतं मला माहीत आहे. ते त्या दिवशी कळलं.

“आता काही करता येईल?” मी विचारलं.

“निकाल वाचून झाला, बाई,” त्या म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं. पण त्यांच्या वाईट वाटण्याने काय होणार?

संचालक बाहेर फाटकाशी गाडीची वाट बघत उभे होते. चेहरा प्रसन्न. “दुसरी! काही कमी नाही, बाई. शाळेचं नाव झालं.”

“तुम्हाला विचारलं होतं त्यांनी,” मी म्हटलं. “तुम्हाला सरळ विचारलं होतं! दांडी मोडलीय, एवढंच बोलायचं होतं. तिने पुन्हा वाजवलं असतं. तिला जागा मिळाली असती.”

“परक्या लोकांपुढे शाळेची अब्रू काढायची का?”

“आणि आता काय काढलीत?”

“उद्या ते अध्यक्षांच्या कानावर गेलं असतं, त्याचा विचार केलात? तुमचं काय जातंय बोलायला. शाळा मला चालवायची असते.”

“पोरीचं आयुष्य पणाला होतं हो!”

“पोर लहान आहे. अजून खूप स्पर्धा येतील.”

“नाही येणार,” मागून आवाज आला. मुंगी फुलांचा गुच्छ घेऊन उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. तेवढंच बोलली, आणि येताना सबंध प्रवासात खिडकीकडे तोंड करून बसली. घरी आल्यावर दादाने तिला जवळ घेतलं तेव्हा ती रडली, आणि मग दार लावून झोपली.  

इथे गोष्ट संपली असती तरी माझा संताप पुरून उरला असता. पण आमचे संचालक तिथे थांबणारे नव्हेत. त्यांनी सत्कार समारंभ ठरवला. दाराशी नवा फलक लागला. त्यावर मुंगीचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘स्वरसाथ: आमच्या शाळेची नवी वादनशैली’. म्हणजे वाजवताना मध्येच हलकं गायचं. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी समजावून सांगितलं की आता काळी चार असलेल्या रचनाही घेता येतील, मुलांनी तो सूर गळ्यातून द्यायचा. “बघा, बाई,” ते मला म्हणाले, “तुमचा प्रश्नही सुटला.”

होसर म्हणाले, “हो सर.”

मी राजीनामा तिथेच टेबलावर ठेवणार होते. मुंगीमुळे थांबले. अध्यक्षांना ही नवी शैली ऐकायची होती, त्यांनी मुद्दाम निरोप पाठवला होता. मी तिला म्हटलं, “तू वाजवू नकोस. ताप आलाय म्हणून सांगते.”

“नाही. वाजवते मी.”

“गाणार आहेस?”

 ती केस घट्ट बांधत राहिली.

सभागृह भरलं होतं. अध्यक्ष पहिल्या रांगेत, थकलेले, कानामागे हात धरून. त्यांच्या शेजारी संचालक. आधी संचालकांचं भाषण झालं. आईच्या पियानोला मुलांनी आपला आवाज दिला, वगैरे. अध्यक्षांनी डोळे पुसले. मग मुंगी येऊन बसली. तिने फोटोकडे एकदा बघितलं आणि पाळणा सुरू केला.

पहिली ओळ चढत गेली, टेकायच्या जागी आली.

टक.

मुंगीचं तोंड बंद होतं. ती तिथेच थांबली, जेवढं थांबायचं असतं त्याहून थोडी जास्त. मग दुसरी ओळ. तितकीच हळू, तितकीच सुंदर, आणि शेवटी टक. सभागृहात चुळबुळ झाली. संचालक पुढे झुकून दबक्या आवाजात म्हणाले, “गा ना, बाळ. गा.” मुंगीने तिसरी ओळ सुरू केली.

आणि तिसरी ओळ टेकायच्या जागी पोचली तेव्हा मला ‘म्म’ ऐकू आलं. मी दचकले. मुंगी गात नव्हती. संचालक गात होते. पहिल्या रांगेत बसून, मान ताठ, चेहऱ्यावर हसू, ओठ मिटून तो सूर देत होते. चौथ्या ओळीला होसरांनी साथ धरली. मग ती पर्सवाली. एकामागून एक सगळे शिक्षक, जणू रांगेने उभं राहून छत पेलून धरायचं असावं तसे. मी एकटी गप्प होते. गप्प राहायची ती माझी पहिलीच वेळ.

मुंगीने हात पट्ट्यांवरून उचलले आणि मांडीवर ठेवले. पियानो थांबला. शिक्षकांना ते लगेच कळलं नाही. नसलेल्या पाळण्यातला तो एकच सूर ते धरून बसले होते.

अध्यक्षांनी कानामागचा हात काढला. शेजारी वळून त्यांनी संचालकांच्या तोंडाकडे नीट बघितलं.

“पण तुम्ही का गाताय?” त्यांनी विचारलं.

संचालकांचा सूर तुटला. बाकीच्यांचाही.  अध्यक्ष हळूच उठले, कठड्याला धरत धरत पायऱ्या चढून मंचावर गेले. मुंगी बाजूला सरकली. तिने त्यांना काही सांगितलं नाही, फक्त पट्टी दाखवली. त्यांनी एका बोटाने ती दाबली. टक. पुन्हा दाबली. मग ते खाली, आम्हा सगळ्यांकडे वळले.

“केव्हापासून?”

मी उभी राहिले होते. वर्षानुवर्षं तोंडात घोळवलेलं सगळं बोलून टाकायला मी तयार होते. पण माझ्याआधी मुंगीच बोलली.

“माझ्या आधीपासून,” ती म्हणाली, “आणि माझी जागा गेली.”